सिलिनची भावकी

शेपटीकाका इंग्रजी शब्द सुरुवातीकडून कधीच वाचत नसत. नजर आधी शब्दाच्या टोकाला जायची, तिथली चार-सहा अक्षरं न्याहाळायची आणि मग सावकाश मागं सरकत तोंडाशी यायची. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोरची पाटी असो, खताची गोणी असो की लग्नपत्रिकेवरचं छापखान्याचं नाव असो, काका मान तिरकी करून शेवटापासून सुरुवात करायचे. "तोंड कोनीपण रंगवतो. शेपटी बघावी, म्हंजे कुळ कळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावरूनच त्यांना ते नाव पडलं. खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं.

ते मुरबाडला एका खासगी डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. उंच, वाळलेले, अंगात कायम पांढरा सदरा आणि चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. या माणसानं माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला जवळजवळ मारलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल मायेनं बोलायला लागले की कोणाला वाटायला नको, बाई सगळं विसरली. मी काही विसरलेले नाही. मी मुळातच तापट, आणि विसरणं माझ्या स्वभावात नाही.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव सिद्धगडाच्या बाजूला, मुरबाडला यायचं तर जीपशिवाय गती नाही. मुलीचं नाव मनीषा, पण सगळे मनी म्हणायचे. ती एक वर्षाची असताना मी माहेरी, खर्डीला गेले होते. तिथं तिला तापात एक सुई दिली आणि घरी येईपर्यंत पोरीच्या अंगभर गांधी उठल्या, डोळे सुजून बंद झाले. त्या डॉक्टरांनी मला बजावलं, "हिला पेनिसिलिन चालत नाही. जन्मभर लक्षात ठेवा." मी तो शब्द घोकत घोकत सासरी आले. देवाचं नाव घेतलं नसेल इतक्या वेळा त्या वर्षात पेनिसिलिनचं नाव घेतलं.

दीडेक वर्षानं मनीच्या कानामागं गळू झालं, ताप भरला. बाजाराचा दिवस होता, दवाखाना माणसांनी भरलेला, आणि डॉक्टर टोकावड्याकडे व्हिजिटला गेलेले. त्या काळी असं झालं की कंपाउंडरच सुई टोचायचा, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. त्यांनी सुई भरायला घेतली तशी मी म्हटलं, "हिला पेनिसिलिन चालत नाय हो." ते थांबले. बाटली घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात धरून नीट वाचली. "हे पेनिसिलिन नाय बाई. हे ॲम्पिसिलिन. वेगळं औषध हाय," असं म्हणाले. खोटं बोलले नाहीत. दोन नावांची सुरुवात वेगळी म्हणजे औषध वेगळं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मलाही वाटलं. मीच पोरीचा दंड धरला.

पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. मनी आधी पांढरी पडली, मग ओठ निळे झाले, आणि घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. काकांनी हातातलं सगळं टाकलं, पोरीला उचललं आणि अनवाणी पळत सुटले. भर बाजारातून, भाजीच्या पाट्या ओलांडत, सरकारी दवाखान्याकडे. मागं मी, पदर चिखलात. तिथल्या डॉक्टरांनी कसली तरी सुई दिली, नाकाला नळी लावली, आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. अर्ध्या तासानं मनी रडली. पोरीचं रडणं ऐकून इतकं बरं मला ती जन्मली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दिवस मावळताना खासगी डॉक्टर आले. माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "ताप डोक्यात गेला, आकडी आली. लहान मुलांत होतं असं." काका दाराशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "साहेब, आकडी नव्हती. मी दिलेल्या सुईनं झालं. बाईंनी सांगितलंवतं, मलाच कळलं नाय." नवरा आणि दीर त्यांच्या अंगावर धावून गेले. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग कोणाचा हात उठला नाही. मी मात्र तोंड सोडलं. तुमच्या घरात असंच होवो, असंही म्हणाले. म्हणायला नको होतं, पण म्हणाले ते म्हणाले.

आठ दिवसांनी हा माणूस आमच्या दारात हजर. हातात औषधांच्या रिकाम्या खोक्यांची पिशवी. सासूबाई पाठ फिरवून आत गेल्या. काका ओट्याच्या कडेला टेकले आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पाय धरून त्यांनी विचारून घेतलं होतं. ज्या औषधाच्या नावाची शेपटी सिलिन, ती सगळी एका भावकीतली. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन. एकाशी वैर म्हणजे सगळ्यांशी वैर. "वीस वर्षं मी ही नावं वाचतोय बाई. पन एकदापन शेपट्या जुळवून बघितल्या नाय," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमाला वाचता येतं?"

"मराठी येतं. सातवी झालेय."

"मग इंग्रजीची सहा अक्षरं शिका. डॉक्टर बदलंल, कंपाउंडर बदलंल. पोरीसंगती तुमीच राहनार."

मी त्यांना म्हटलं, चालते व्हा. ते गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. मी दार लावून घेतलं. ते ओट्यावर अर्धा तास बसून, खडूनं काहीतरी लिहून निघून गेले. तिसऱ्या रविवारी आले तेव्हा ती अक्षरं पुसून गेली होती, त्यांनी पुन्हा लिहिली. या खेपेला मी दारात उभी राहिले. राग तसाच होता, पण मनी मांडीवर होती आणि तिला पुन्हा ताप येणार, कधी ना कधी येणार, हे मला कळत होतं.

मला ती अक्षरं अक्षरं म्हणून आली नाहीत. आधी कोयती, मग टिंबवाली काठी, मग शेजारी शेजारी दोन उंच बांबू, परत टिंबवाली काठी, आणि शेवटी गोठ्याचं दार. कोयती, काठी, दोन बांबू, काठी, दार. चूल सारवताना मी बोटानं शेणात ते काढायची आणि वर हात फिरवून पुसायची. मला आलं असं वाटलं तेव्हा काकांनी दुसरं खोकं पुढं केलं. त्यावर सगळी मोठी अक्षरं. दोन्ही बांबू जमिनीवर पाय पसरून बसलेले, दाराचा आकार मोडलेला. मी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "छापनारा तुमाला विचारून नाय छापत." मग ती शेपटी वेगळी शिकले.

त्याहून वाईट म्हणजे, औषधाचं खरं नाव ठळक अक्षरात नसतंच. वर मोठ्या रंगीत अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं लाडाचं नाव. त्यात सिलिन असेलच असं नाही. खरं नाव खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. "मोठ्यावर जायाचं नाय. बारीक बघायचं," हे काकांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

त्यांच्याकडे पत्र्याचा एक डबा होता, रिकाम्या बाटल्यांनी भरलेला. एकेक बाटली काढून माझ्या हातात द्यायचे. भावकीतली असेल तर डावीकडे ठेवायची, परकी असेल तर उजवीकडे. एकदा माझं लक्ष नव्हतं, घरी भाताच्या झोडणीची माणसं यायची होती. एक बाटली मी उजवीकडे ठेवली. काकांनी ती उचलून परत माझ्या हातात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "ही सोडलीत. पोरगी गेली."

मी ती बाटली अंगणात भिरकावली. ज्यानं माझ्या पोरीला टोचलं, त्यानं मला असं ऐकवावं? मी रडले, शिव्या दिल्या. त्यांनी समजूत काढली नाही, माफी मागितली नाही. काचा गोळा करून घेऊन गेले. मी दोन रविवार त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र आले, बाटल्या मांडून बसले आणि गेले. तिसऱ्या रविवारी मी एकही चुकले नाही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा काका म्हटलं, आणि बाई म्हणायचं सोडून ते मला मंदा म्हणायला लागले.

सिलिनपासून सुरुवात झाली, पण काकांना त्या शेपट्यांचं वेडच लागलं. मनीला टोचल्या दिवसापासून त्यांनी सुई हातात धरली नव्हती. दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या बांधायचे आणि उरलेल्या वेळात शब्द जमवायचे. आयटिस दिसलं की सूज. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, आर्थ्रायटिस, घर कुठलंही असो, आत सूज बसलेली. एमिया म्हणजे रक्ताचं काहीतरी. मायसिनवाले वेगळ्या कुळातले, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पुढं ते औषधांच्या बाहेर पडले. पोर्ट म्हणजे न्यायचं-आणायचं: ट्रान्सपोर्ट, एअरपोर्ट, एक्स्पोर्ट. फोन म्हणजे आवाज. एसटीतून जाताना पाट्या वाचत राहायचे आणि शेजारच्याला त्याची इच्छा असो-नसो अर्थ सांगायचे. लोक हसायचे, शेपटीकाका म्हणायला लागले. हायस्कूलचे एक मास्तर तर त्यांना बघून रस्ता बदलायचे.

मनी पाच वर्षांची झाल्यापासून तीही बाटल्यांच्या खेळात बसायला लागली. तिला तो खेळच वाटायचा. पुढं मोठी झाल्यावर दर रविवारी जीपनं मी तिला मुरबाडला त्यांच्या घरी न्यायची. एकदा तिनं विचारलं, "काका, शिप म्हंजे जहाज ना? मग फ्रेंडशिपमध्ये जहाज कुठून आलं?" काकांनी तो शब्द एका खोक्यावर उतरवून घेतला. पुढच्या रविवारी कोणाला तरी विचारून आले आणि म्हणाले, "ती शेपटी दिसायला सारखी, पन कुळ वेगळं. म्हनून नुसती शेपटी धरून भागत नाय गो, अर्थ विचारायचा." मनीनं तेही पाठ केलं. तिला मी किंवा काका कधीही पकडू शकलो नाही. डबा कितीही ढवळा, पोरगी एकही बाटली सोडायची नाही.

मला मात्र बाहेर त्रास व्हायचा. कुठल्याही दवाखान्यात गेले की सुई भरायच्या आधी बाटली मागायची. "तुम्ही डॉक्टर आहात का?" हा प्रश्न मी निदान दहा जणांकडून ऐकला. मी म्हणायची, नाय, आई आहे, बाटली दाखवा. गावात मला बाटलीवाली म्हणायला लागले. म्हणोत. दोनदा त्या बाटलीवर मला कोयती, काठी, दोन बांबू दिसले होते, आणि दोनदा मी पोरीला उचलून बाहेर आले होते.

एक गोष्ट मी चुकीची केली. मनीला तिची ॲलर्जी माहीत होती, पण ती सुई कोणी दिली ते मी सांगितलं नाही. घरात सगळ्यांना तंबी होती. काका दर वर्षी विचारायचे, "पोरीला सांगितलंस?" मी म्हणायची, मोठी होऊ दे. खरं कारण वेगळं होतं. तिला कळलं तर ती त्यांच्याकडे जायची बंद होईल आणि शिकायची थांबेल, ही मला धास्ती. काका म्हणायचे, "लवकर सांग. दुसऱ्या कोनाकडून कळलं तर तुझ्यावरचा भरवसा जाईल तिचा." आणि मी पुढं ढकलायची.

मनी आठवीला गेली. आमच्याकडे शाळा सातवीपर्यंतच, म्हणून तिला माझ्या भावाकडे खर्डीला ठेवली. निघताना काकांनी डबा तिच्यासमोर रिकामा केला आणि तिनं तो उभ्या उभ्या दोन ढिगांत लावून दाखवला. भावजयीला मी चार-चारदा सांगितलं होतं, हिला सुई देऊ नका, आधी बाटली बघा. ती हो हो म्हणाली. तिच्या लेखी ते माझं खूळ होतं.

झोडणी चालू होती. सकाळी दहाच्या सुमाराला किराणा दुकानातून निरोप आला, खर्डीहून फोन आहे. पळत गेले. भावजय होती. "ताई, मनीला दवाखान्यात आनलीय. दोन दिस ताप, छातीत घरघर. डॉक्टर सुई देतायत तर ही बाटलीच मुठीत धरून बसलीय. देतच नाय. सगळी बघतायत गो."

"बाटलीवर काय लिहिलंय?"

"मला काय कळतंय? तू नको घाबरू. आमी दोघीतिघी धरतो तिला, मंग..." आणि फोन कट झाला.

मी पुन्हा पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली, उचललाच नाही. तो दवाखान्याशेजारच्या दुकानाचा फोन होता, दुकानदार कुठं गेला होता देव जाणे. मी अंगावरच्या पेंढ्याच्या कुसांसकट तशीच जीपमध्ये बसले. आमच्या गावाहून खर्डीला पोचायला तीन तास कुठं गेले नाहीत. धरतो तिला. एवढंच डोक्यात. तेरा वर्षांची तापलेली पोर, किती वेळ धरून ठेवणार मूठ?

मुरबाडला उतरून मी आधी काकांच्या घरी गेले. का गेले ते आजही सांगता येणार नाही, सरळ एसटी पकडायला हवी होती. काका ओट्यावर वाल सोलत बसले होते. मी एका दमात सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "बाटली कोनाच्या हातात हाय?"

"मनीच्या."

"मंग चल."

शहापूरची एसटी लागलेलीच होती. सरळगाव मागं पडलं. किन्हवलीला ड्रायव्हर उतरून चहाला गेला. मी कंडक्टरशी भांडायला उभी राहिले, तोंडाला येईल ते बोलले. काकांनी हाताला धरून मला बसवलं. स्वतःचे हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. मी विचारलं, "ओळखेल ना हो ती? तापात?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू सोडलीस. मी सोडली. तिनं आजवर एकपन सोडलेली नाय." मग शहापूर, तिथून जीप, आणि खर्डीला उतरल्यावर ते सत्तरीकडे झुकलेले काका माझ्या पुढं पळत होते.

मनी बाकावर बसलेली होती. डोळे लाल, श्वास चढलेला, उजवी मूठ पोटाशी दाबलेली. मनगटावर नखांचे ओरखडे होते. भावजय कोपऱ्यात रडत होती. तिघींनी ओढाताण केली तरी पोरीनं मूठ सोडली नव्हती. मी धावले, पण मनीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं काकांकडे पाहिलं आणि मूठ उघडली.

"काका, हिला दोन शेपट्या आहेत."

काकांनी बाटली डोळ्यांजवळ नेली. टोकाकडून सुरुवातीकडे, हळूहळू, दोन्ही नावं वाचली. ॲम्पिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन, दोघं भाऊ एकाच बाटलीत. वर मोठ्या अक्षरात भलतंच काहीतरी नाव. "होय गो, दोन हायत," ते म्हणाले आणि बाटली घेऊन आत गेले.

डॉक्टर तरुण होते, माणूस वाईट नव्हता. कुठलं औषध चालत नाही का, असं त्यांनी विचारलं होतं आणि भावजयीनं नाही म्हणून सांगितलं होतं. मनी सांगत होती ते त्यांना सुईच्या भीतीनं केलेलं नाटक वाटलं. काकांनी सगळं समजावल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी केसपेपर ओढला आणि लिहिता लिहिता विचारलं, "आधीची रिॲक्शन कधीची? कुठलं इंजेक्शन होतं? कोणी दिलं होतं?"

मी मनीला धरून दारात उभी होते. मी घाईनं म्हणणार होते, लहानपणी, कुठंतरी. तोंड उघडलंही होतं.

"ॲम्पिसिलिन. दहा वर्षं झाली, मुरबाडला," काका म्हणाले. "मी दिलंवतं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मनीनं आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दिवसभरची सगळी भीती एकीकडे आणि पोरीची ती नजर एकीकडे. मी मान खाली घातली.

दुसऱ्या कुळातलं औषध सुरू झालं. पहिल्या डोसानंतर काका संध्याकाळपर्यंत भावाच्या ओट्यावर बसून राहिले, दर थोड्या वेळानं दारातून तिचे ओठ बघायचे. मनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती त्यांच्याशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. त्या दिवशी काका पुन्हा मुरबाडहून आले. येऊ नका म्हणून मी निरोप पाठवला होता, तरी आले.

मनी शाल गुंडाळून बाहेर आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. मला म्हणाली, "आई, तू मला दर रविवारी यांच्याकडे बसवत होतीस?"

"हो."

"तुला राग नाय आला?"

"आला. अजून आहे." काका समोरच होते. मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली, बरोबर आहे अशी. इतकी वर्षं हा राग आणि या माणसाची वाट बघणं, दोन्ही माझ्यात एकत्र नांदत होतं, आणि ते मी कोणाला बोलले नव्हते.

मनी त्यांच्याकडे वळली. "माझे बाबा आणि घरचे काका मारायला आलेवते ना तुमाला? मामी म्हणाली. मग तुमी मुरबाड सोडून का नाय गेलात?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "जायाचं ठरवलंवतं गो. कल्यानला भाऊ हाय माझा, त्याच्याकडं. पिशवीपन भरली. पन तू तर हितंच राहनार होतीस. सिलिनपन हितंच. मी एकटा जाऊन काय करू?"

मनीनं शाल सावरली. मग त्यांच्या शेजारी बसली. पुढच्या सुट्टीत ती मुरबाडला गेली, मी न सांगता.

काका त्यानंतर दोन वर्षं होते. ते गेल्याचं कळलं तेव्हा मनी दहावीत होती, सराव परीक्षा सोडून आली. घरात कल्याणची सगळी माणसं जमली होती, आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. काकांच्या भावजयीनं दारातच विचारलं, "तुमी कोन त्यांच्या?" ओळखीच्या म्हणावं, गावाकडच्या म्हणावं, काय म्हणावं? मनी पुढं झाली.

"मी त्यांची पेशंट," ती म्हणाली आणि आत जाऊन घरच्या बायकांमध्ये बसली. मी ओट्यावरच खाली बसले आणि मोठ्यानं रडले.